कल्पनांची स्पर्धा आणि तिच्यानंतरचे वर्ष

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या सभासदांच्या मेळाव्यात कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत पाककला, रांगोळी, नाट्यवाचन आणि वक्तृत्व यांच्या पंक्तीला 'नव्या ॲपच्या कल्पनांची स्पर्धा' असे एक अपरिचित नाव येऊन बसलेले पाहून अनेकांना नवल वाटले, याची आम्हांला कल्पना आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी तर 'मंडळ आता कंपनी काढणार की काय?' असा थेट सवाल केला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याकरिताच कार्यकारिणीच्या वतीने आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

स्पर्धा भरविणे आपल्याला नवे नाही. परप्रांतात चार मराठी कुटुंबे एकत्र आली की आधी गणपती बसतो आणि पाठोपाठ स्पर्धा सुरू होतात. नियम छापणे, प्रवेशिका घेणे, परीक्षकांची मनधरणी करणे आणि निकालानंतरचे रुसवेफुगवे काढणे, या साऱ्याचा आपल्याला अर्धशतकाचा सराव आहे. परंतु रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. ॲपचे तसे नाही. औषधाची वेळ सांगणारे ॲप एखाद्या आजींनी विश्वासाने वापरावयास घेतले आणि सहा महिन्यांनी ते मुके झाले, तर पारितोषिक वितरणाच्या छायाचित्राने त्यांचे समाधान व्हावयाचे नाही. तेव्हा या स्पर्धेत पारितोषिकाच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या वर्षाचा विचार अधिक करणे भाग आहे. आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात आले. पुढचे सगळे त्याचे स्पष्टीकरण समजावे.

इतरांनी या बाबतीत काय केले, ते पाहणे उद्बोधक ठरेल. २००८ साली अमेरिकेच्या राजधानीने, म्हणजे वॉशिंग्टन शहराच्या प्रशासनाने, आपल्याजवळची माहिती नागरिकांना खुली करून 'ॲप्स फॉर डेमॉक्रसी' नावाची स्पर्धा जाहीर केली. मुदत ३० दिवसांची. तेवढ्या अवधीत ४७ ॲप्स तयार झाली. एकूण खर्च ५० हजार डॉलर, आणि आयोजकांच्या हिशेबाने या कामाचे मोल २३ लाख डॉलर! असा सौदा कोणाला नको असेल? पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने आपली स्पर्धा काढली, आणि पाहता पाहता जगातल्या कित्येक शहरांत ही लाट पसरली. वॉशिंग्टनमध्येही २००९ साली दुसरी फेरी झाली. मात्र २०१० साली त्या शहराच्या तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख बदलले, आणि नव्या प्रमुखांनी ही स्पर्धा पुन्हा न भरविण्याचा निर्णय घेतला. त्यांचे कारण मननीय आहे. स्पर्धेतून आलेली बरीचशी ॲप्स स्मार्टफोनसाठी होती, आणि ज्या नागरिकांना शहराच्या सेवांची नित्य गरज पडते त्यांतल्या पुष्कळांच्या हाती त्या काळी असा फोन नव्हताच.

यात त्या तरुण कारागिरांना दोष देण्याचे कारण नाही. 'तुम्हांला काय करता येते?' असे विचारले की माणूस आपल्याला येते तेच करून दाखवितो, आणि बहुधा आपल्याला स्वतःला लागणारी वस्तूच बनवितो. 'कोणाचे काय अडले आहे?' हा निराळा प्रश्न आहे, आणि तो आधी विचारावा लागतो.

तो विचारणारी एक स्पर्धा २००८ सालीच ब्रिटनमध्ये झाली. तिचे नाव 'शो अस अ बेटर वे'. सरकारजवळच्या माहितीचा अधिक चांगला उपयोग कसा करता येईल, एवढेच तिने सामान्य माणसाला विचारले. आज्ञावली लिहिता येण्याची अट नव्हती; कल्पना चार ओळींत मांडली तरी चालत होते. निवडलेल्या कल्पना पुढे नेण्यासाठी २० हजार पौंडांची तरतूद होती. निवडल्या गेलेल्या कल्पना पाहिल्या तर हसू येईल, इतक्या साध्या. टपालपेटी कोठे आहे? अमुक कचऱ्याचा पुनर्वापर होतो की नाही? आणि एक तर सार्वजनिक स्वच्छतागृह जवळ कोठे आहे, हे सांगणारी! आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांनी या कल्पनेला मनोमन पहिले पारितोषिक दिले असेल, याविषयी आम्हांला शंका नाही.

आपल्या देशातही २०१७ पासून 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' होत आहे. तिच्या पहिल्या वर्षीच्या अंतिम फेरीत विद्यार्थ्यांनी सलग ३६ तास काम केले, ही गोष्ट वर्तमानपत्रांना अधिक भावली. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरी. अडचणींची यादी सरकारच्या मंत्रालयांनी आणि खात्यांनी आधी दिली, आणि विद्यार्थ्यांनी तिच्यातून आपापली अडचण निवडली.

यास्तव आपल्या स्पर्धेचा पहिला महिना केवळ अडचणी गोळा करण्याचा राहील. त्या महिन्यात कोणीही ॲपचे नाव काढू नये. गाऱ्हाणे तेवढे सांगावे. काही गाऱ्हाणी तर आताच कानांवर आहेत. घरी मराठी बोलणाऱ्या, परंतु देवनागरी वाचता न येणाऱ्या नातवंडाला आजोबांचे पत्र कसे वाचून दाखवावे? पुण्याला किंवा नागपूरला कोण निघाले आहे, आणि त्याच्याबरोबर कागदपत्रे पाठविता येतील काय? मुले परदेशी, घरात दोघेच, रात्री एकाला बरे नाहीसे झाले तर जवळ राहणारा सभासद कोण? तिथी पाहून गुरुजींना वेळेवर कसे कळवावे? आणि मंडळाच्या ग्रंथालयातले पुस्तक या घटकेला नेमके कोणाच्या घरी आहे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या ग्रंथपालांना पाठ असते. पण सारी संस्था एका माणसाच्या स्मरणशक्तीवर किती काळ चालवावयाची?

येथे मराठीची म्हणून एक खास अडचण आहे, तिच्यावर थोडे अधिक बोलण्याची अनुज्ञा असावी. आपली सभासद सूची रोमन लिपीत आहे. त्या लिपीत 'काळे' आणि 'काले' यांत भेद उरत नाही, कारण तिच्यात 'ळ'ला स्वतंत्र अक्षरच नाही. उलटपक्षी एकच आडनाव तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात आणि शोधणाऱ्याला एकही सापडत नाही. आपल्या जुन्या स्मरणिका ज्या संगणकीय टंकांत जुळविल्या गेल्या, त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावाचून शोधता येत नाही. टंक बदलला की साऱ्या ओळींची गिचमीड होते. एक गंमत सांगावीशी वाटते. 'ॲप' या शब्दातले पहिले अक्षर, म्हणजे अर्धचंद्र डोक्यावर घेतलेला 'अ', युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाले ते २००८ साली, आणि ॲपलने ॲपचे दुकान उघडले तेही त्याच वर्षी! वस्तू आणि ती मराठीत नीट लिहिण्याची सोय, दोन्ही एकाच वर्षीच्या. तेव्हा आलेल्या कल्पनेत 'ळ', 'ऱ्ह' आणि 'ॲ' यांची व्यवस्था काय आहे, हे परीक्षक आवर्जून विचारतील. मराठी मंडळाने हे विचारले नाही, तर दुसरे कोण विचारणार?

आता कल्पनेच्या मालकीचा प्रश्न. 'माझी कल्पना दुसऱ्याने पळविली तर?' अशी शंका दोन-तीन तरुण सभासदांनी बोलून दाखविली. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. म्हणजे लिहिलेल्या आज्ञावलीला कादंबरीसारखे संरक्षण आहे. नुसत्या कल्पनेला मात्र नाही. म्हणून स्पर्धेत दिलेली कल्पना सर्वांसमक्ष मांडली जाईल आणि ती कोणीही हाती घेऊ शकेल, हे प्रवेशिकेवरच छापलेले असेल. लिहिलेली आज्ञावली लिहिणाऱ्याचीच राहील. मंडळाला ती वापरण्याची आणि दुरुस्त करण्याची लेखी परवानगी तेवढी हवी. ज्याला आपली कल्पना गुप्त ठेवावयाची असेल, त्याने ती जरूर गुप्त ठेवावी. व्यवसायासाठी दुसरे मार्ग आहेत.

पारितोषिकाची रीत ठरविताना २००८ सालच्याच आणखी एका स्पर्धेचा आम्हांला उपयोग झाला. गूगलने तेव्हा नवजात असलेल्या ॲन्ड्रॉइडसाठी ॲप्सची स्पर्धा लावली होती. तिच्यात पहिल्या फेरीतून ५० प्रवेशिका निवडून प्रत्येकीला २५ हजार डॉलर दिले, ते काम पुढे नेण्यासाठी. मग त्यांतूनच दहा जणांना प्रत्येकी २ लाख ७५ हजार आणि दहा जणांना प्रत्येकी १ लाख डॉलर मिळाले. आपल्या थैलीचा आणि त्या थैलीचा काही संबंध नाही. पण टप्प्याटप्प्याने द्यावे, हे तत्त्व गरिबालाही परवडते. आपल्या निधीचे तीन भाग होतील. एक कल्पना निवडली जाताच, दुसरा ती प्रत्यक्ष चालू लागल्यावर, आणि तिसरा कोणाच्याही हाती न देता पुढील तीन वर्षांच्या देखभालीसाठी राखून ठेवला जाईल. या तिसऱ्या भागावर कार्यकारिणीत बराच वाद झाला. पारितोषिकाची रक्कम लहान दिसेल, असे काहींचे मत पडले. दिसू द्यावी. ॲपलच्या दुकानात ॲप ठेवावयाचे तर दर वर्षी ९९ डॉलर भरावे लागतात, गूगलकडे एकदाच २५. शिवाय सर्व्हरचे भाडे, आणि फोनची प्रणाली बदलली की ॲपची डागडुजी. हे पैसे विजेत्या मुलाने खिशातून भरावेत, आणि त्याची बदली झाली की ॲप बंद पडावे, हे मंडळाला शोभणारे नाही.

याच संदर्भात सभासदांना एक काम आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर गूगलकडे व्यक्तिगत खाते उघडणाऱ्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी निदान १२ माणसांकडून सलग १४ दिवस त्याची चाचणी करवून घ्यावी लागते. एकट्या विद्यार्थ्याला ही बारा माणसे मिळविणे जड जाते. आपल्याकडे ती कोजागरीच्या दुधाला बोलावल्यासारखी मिळतील.

परीक्षक मंडळात एक संगणकाचा जाणकार असेल, एक शिक्षक असेल, आणि ज्याची अडचण आहे असा एक सभासद असेल. शेवटच्या फेरीत स्पर्धकाने भाषण करावयाचे नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्या एका सभासदांच्या हाती ॲप द्यावयाचे आणि स्पर्धकाने हात मागे बांधून पाहत उभे राहावयाचे. आजकाल संगणकाशी साध्या भाषेत बोलून कामचलाऊ आज्ञावली तासाभरात करवून घेता येते. त्यामुळे चकचकीत पडदे पाहून भुलण्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढला आहे. ही परीक्षा त्यावरचा उतारा होय. कधी असेही निघेल की ॲपची गरजच नाही. भिंतीवरचा एक तक्ता किंवा फोनची एक साखळी पुरेशी आहे. असे सप्रमाण दाखवून देणारी प्रवेशिकाही पारितोषिकास पात्र राहील.

आणि एकही कल्पना योग्यतेची न वाटल्यास पहिले पारितोषिक राखून ठेवण्याचा अधिकार परीक्षकांना असेल. २०२२ साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, हे नाटकवेड्या सभासदांना आठवत असेल. १९६३ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेला हा कठोरपणा पेलवला. आपल्यालाही पेलवेल, फक्त तो नियम आधी छापलेला हवा.

एक गोष्ट मात्र वादातीत आहे. सभासदांचे पत्ते, आजार, मुलांची नावे ही माहिती हाताळणाऱ्या कल्पनेची तपासणी वेगळी होईल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला असून, १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात आवश्यक ठरविली आहे. कायदा नसता तरीही, ज्याला जेवढे लागते तेवढेच विचारावे, हा शेजारधर्म आपण पाळलाच असता.

गाऱ्हाण्यांची पेटी ग्रंथालयातील परतीच्या पुस्तकांच्या टेबलावर ठेवली आहे. कागद कोणताही चालेल, लिपी कोणतीही चालेल, आणि नाव घालण्याची सक्ती नाही. ज्यांना लिहिणे जड जाते, त्यांच्याकडे महिला शाखेच्या कार्यकर्त्या घरी येऊन लिहून घेतील. गणेशोत्सवाच्या पहिल्या दिवशी पेटी उघडली जाईल आणि त्याच संध्याकाळी साऱ्या अडचणी मोठ्याने वाचून दाखविल्या जातील. कल्पनांच्या प्रवेशिका त्यानंतर दिवाळीपर्यंत घेऊ.