रात्री दोन वाजता पर्याय किती?

मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता पप्पांच्या छातीत दुखायला लागलं. आमचं गाव शिराळा तालुक्यात, कोकरूडच्या पुढं, वारणेकाठी. मी पुण्यात. सवयीनं लॅपटॉप उघडला आणि हॉस्पिटलांचे रेटिंग बघत बसलो. आई फोनवर म्हणाली, "तू काय शोधतोयस? गाडीवाला नेतोय तिकडं निघालोय आम्ही."

पप्पा आता बरे आहेत. पण तिथं चुलत्यांनी विचारलं, "औषधं बाहेरून आणू का?" उत्तर आलं, "आणा, मग जबाबदारी तुमची." कोण आणणार? हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका हॉस्पिटलचा नाहीच.

बाजार किती जणांच्या मुठीत आहे, हे मोजायला हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक वापरतात. प्रत्येकाचा बाजारातला टक्का घ्यायचा, वर्ग करायचा, बेरीज करायची. दहा हॉस्पिटलं, प्रत्येकाकडं १० टक्के पेशंट, तर उत्तर १,०००. चार सारखी असली तर २,५००. एकच असेल तर १०,०००. कोड तीन ओळींचा आहे. अवघड आहे ते इनपुट: बाजार म्हणजे नक्की कुठपर्यंत?

सांगली जिल्हा धरला तर आपण श्रीमंत. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि पुढं मिरज दवाखान्यांचं गावच झालं. शेजारी कराड आणि कोल्हापूर. पण हार्ट अटॅकला मिनिटं मोजायची असतात. आरळा-चरणकडून पावसात निघालेल्या गाडीला वेळेत गाठता येईल ते एखादंच. म्हणजे १०,०००.

गंमत बघा. त्याच घरात आईच्या मोतीबिंदूसाठी आम्ही तीन महिने चौकशी केली, चार ठिकाणचे दर विचारले. एकच घर, पण बाजार दोन. त्यामुळं "जिल्ह्यात हॉस्पिटलं किती" या आकड्यावर विश्वास ठेवू नका. कुठल्या आजाराला, किती वाजता, किती वेळात, हे आधी विचारा.

दुसरं कुलूप ॲडमिट झाल्यावर लागतं. दिल्लीतल्या एका खासगी हॉस्पिटलमधल्या सिरिंजच्या किमतीवरून तक्रार झाली होती. २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं तपास तिथल्या बाकीच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलांपर्यंत वाढवला. मुद्दा साधा होता: बाहेर शंभर मेडिकल असतील, पण खाटेवरचा पेशंट अडकलेला असतो.

मग सरकारनं दर ठरवून दिले तर? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तेच होतं, प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं. इंग्लंडमध्येही सरकारी आरोग्यसेवेत दर ठरलेले असतात. तिथं २००६ पासून पेशंटला हॉस्पिटल निवडायची मुभा मिळाली. जिथं हॉस्पिटलं जास्त, तिथं हार्ट अटॅकचे मृत्यू जास्त वेगानं कमी झाले, असं काही संशोधकांनी मांडलं. त्यावर वादही झाले. पण मला त्यातून एक गोष्ट पटली: दर बांधले की स्पर्धा उपचारांच्या दर्जावर होऊ शकते, मात्र त्यासाठी दुसरं हॉस्पिटल असावं लागतं.

आमच्या खोऱ्यात दुसरं मोठं खासगी हॉस्पिटल कोण कशाला काढेल? तेवढे पेशंटच नाहीत. म्हणून तो दुसरा पर्याय सरकारी रुग्णालयच असू शकतं. तिथं रात्री ईसीजी निघाला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं, तर जीव वाचतो आणि पुढं कुठं न्यायचं ते ठरवायला वेळही मिळतो. तिथली रिकामी पदं भरा, ही मागणी फक्त गरिबांसाठी नाही. खासगीत जाणाऱ्यालाही तिचा फायदा आहे.

जाता जाता काम देतो. या रविवारी घरच्यांसोबत बसा. हृदय, बाळंतपण आणि अपघात, तिन्हींसाठी योजनेतलं जवळचं हॉस्पिटल कुठलं ते १५५३८८ वर विचारा आणि आईच्या फोनमध्ये सेव्ह करा. १०८ पण. हॉस्पिटलात गेलात तर दरपत्रक बघायला मागा. ते लावणं राज्याच्या २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

रात्री दोनला शोधायला वेळ नसतो. मी शोधत होतो, तोवर गाडी निघाली होती.