इंग्रजी शब्दांचें कुळ आणि संगत

पुष्कळ वर्षांपूर्वीं नोकरीसाठीं केलेल्या माझ्या पहिल्या अर्जांत मीं एका संस्थेस ‘नोटोरियस’ असें विशेषण लाविलें. कोशांत त्याचा अर्थ ‘प्रसिद्ध’ असा पाहून मीं तें पाठ केलें होतें. तो शब्द दुष्कीर्तीसाठीं राखलेला आहे, हें मला नोकरी हुकल्यावर कळलें!

इंग्रजीवर प्रभुत्व मिळवूं पाहणारे पुष्कळ विद्यार्थी हीच वाट धरतात. रोज दहा कठीण शब्द घोकावयाचे आणि महिनाअखेर त्यांतील नऊ विसरावयाचे. शब्द हे सुटे मणी नव्हेत. त्यांना कुळ असतें आणि संगतही असते.

प्रथम कुळ पाहूं. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द उपसर्गांच्या योगानें झाले, हें आपण शाळेंतच शिकतों. इंग्रजींत लॅटिन धातूंची व्यवस्था अशीच आहे. पाहणें या अर्थाचा ‘स्पेक्ट’ घ्या. आंत पाहणें तें ‘इन्स्पेक्ट’, पुढें पाहणें तें ‘प्रॉस्पेक्ट’, मागें वळून पाहणें तें ‘रिट्रोस्पेक्ट’. खालून चोरून पाहणें तें ‘सस्पेक्ट’, म्हणजे संशय घेणें. आणि चहूंकडे पाहून पाऊल टाकणारा तो ‘सर्कम्स्पेक्ट’, म्हणजे सावध. एक धातु ध्यानांत राहिला कीं पांच शब्द हातीं आले.

परंतु कुळ कळलें म्हणजे स्वभाव कळला असें नाहीं. नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकल्यावर तेथील मूळ भाषेंत फ्रेंच शब्द शिरले. विद्वानांनीं लॅटिन शब्दांची भर घातली. म्हणून एकाच क्रियेस ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ व ‘इंटरॉगेट’ असे तीन शब्द मिळाले. आई मुलास ‘आस्क’ करते, वकील साक्षीदारास ‘क्वेश्चन’ करतो, पोलीस आरोपीस ‘इंटरॉगेट’ करतात. आपण तरी ‘पुसणें’, ‘सवाल करणें’ आणि ‘पृच्छा करणें’ यांची वाटेल तेथें अदलाबदल कोठें करतों?

ही संगत कोश अर्धीच सांगतो. ती चांगल्या गद्याच्या वाचनानें कळते. नवा शब्द भेटला तर तो एकटा उतरूं नका, सबंध वाक्य वहींत उतरून घ्या. तोच शब्द तीन निरनिराळ्या लेखकांच्या हातीं पाहिल्यावांचून स्वतःच्या पत्रांत घालूं नका. आणि साध्या शब्दानें काम भागत असेल तर साधाच शब्द लिहा. माझ्या अर्जांत नुसता ‘वेल-नोन’ पुरेसा होता.