बटवड्याचा मार्ग आणि धुराचा हिशेब



घरपोच माल पोहोचविणाऱ्या कंपन्यांच्या वाहनांमुळे होणारी पर्यावरणाची हानी कशी कमी करता येईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ही चर्चा निघाली की विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा उल्लेख प्रथम येतो. त्या गाड्यांचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु वाहन कशावर चालते, याच्या आधी एक प्रश्न विचारावयास हवा. ते मुळात किती चालते, आणि त्यातील किती चालणे अनावश्यक असते?

एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे २.३ किलोग्रॅम, आणि एक लिटर डिझेल जळले म्हणजे सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. ज्वलनात हवेतील ऑक्सिजन इंधनातील कार्बनला येऊन मिळतो, म्हणून वायूचे वजन इंधनाहून अधिक भरते. याखेरीज नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूक्ष्म कण बाहेर पडतात, ते निराळेच. बटवड्याची गाडी वस्तीतून, दर शंभर पावलांवर थांबत जाते. त्यामुळे तिचा धूर दारात खेळणाऱ्या मुलांच्या श्वासात मिसळतो.

अमेरिकेतील यूपीएस या कंपनीचे उदाहरण घेऊ. १९०७ साली सिअ‍ॅटल शहरात पायी आणि सायकलवरून निरोप पोहोचविणाऱ्या मुलांच्या बळावर तिचा आरंभ झाला. पुढे तिच्या तपकिरी गाड्या देशभर धावू लागल्या. तिचा एक चालक दिवसाकाठी सरासरी सुमारे १२० ठिकाणी थांबतो. आता गणित पाहा. केवळ १० ठिकाणांना भेट द्यावयाची झाली, तरी त्यांचे क्रम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतात. १२० ठिकाणांच्या क्रमांची संख्या तर १९९ अंकी होते. अनुभवी चालकालाही यातून सर्वांत लहान मार्ग मनाने निवडता येणे शक्य नाही.

कंपनीने दोन उपाय केले. पहिला अगदी साधा होता. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तेव्हा डावीकडे वळणाऱ्या गाडीला समोरून येणारी रहदारी ओसरेपर्यंत इंजिन चालू ठेवून तिष्ठत राहावे लागते. म्हणून डावी वळणे शक्य तेवढी टाळणारे मार्ग आखण्यात आले. आपल्याकडे हीच अडचण उजव्या वळणाची आहे. दुसरा उपाय म्हणजे ‘ओरायन’ ही मार्ग ठरविणारी संगणकप्रणाली. २०१६ च्या सुमारास ती अमेरिकेतील सुमारे ५५,००० मार्गांवर लागू झाली. तिच्यामुळे वर्षाला सुमारे १६ कोटी किलोमीटरांची धाव आणि पावणेचार कोटी लिटर इंधन वाचते, असे कंपनीने जाहीर केले. येथे एकही गाडी बदलली गेली नव्हती. बदलला होता तो केवळ मार्ग.

आपल्या देशात मात्र मार्गाच्याही आधी पत्ता येतो. ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ’ अशा पत्त्यावर गाडी दोनदा फिरते आणि घर बंद असेल तर तिसऱ्यांदा येते. पत्ता चोख असण्याचे महत्त्व टपाल खात्याने फार पूर्वी ओळखले होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली सहा अंकी पिनकोड योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून साकारली. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या लिप्या यांमुळे होणारा घोटाळा तिने कमी केला. तेव्हा कोणी तिला पर्यावरणाची योजना म्हटले नसेल. परंतु चुकलेले पत्र परत फिरविण्याचा खेप-खर्च वाचविणारी योजना ती होतीच.

आता विजेकडे वळू. वारंवार थांबणाऱ्या वाहनास विजेची मोटार विशेष मानवते, कारण उभी असताना ती शक्ती खात नाही आणि वेग कमी करताना काही शक्ती बॅटरीत परत भरते. गल्लीतील धूर तर तत्काळ नाहीसा होतो. तथापि २०२३-२४ या वर्षी भारतातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून निर्माण झाली, हेही विसरता येत नाही. म्हणून विजेच्या गाडीनेही व्यर्थ फिरू नये.

याहून कठीण प्रश्न खर्चाचा आहे. आपल्या शहरांत बटवडा करणाऱ्या कामगाराची मोटारसायकल बहुधा त्याच्या स्वतःच्या मालकीची असते आणि पेट्रोलचे पैसेही तोच भरतो. त्यामुळे वाया गेलेल्या खेपेचा भार कंपनीच्या वहीत न दिसता त्याच्या खिशात दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्ली सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेने येथे एक महत्त्वाचे पाऊल टाकले. २५ किंवा अधिक वाहने ज्यांच्या ताफ्यात आहेत अशा कंपन्यांनी १ एप्रिल २०३० पर्यंत आपला सर्व ताफा विजेवर आणावा, असे तिने ठरविले. जबाबदारी कंपनीवर टाकली, हे योग्यच झाले. परंतु नव्या गाडीचे हप्ते अखेर कामगारानेच फेडावयाचे असतील, तर स्वच्छ हवेची किंमत सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल केल्यासारखे होईल.

आणि आपण ग्राहक? दहा मिनिटांत वस्तू हवी असे म्हटले, की एका पिशवीसाठी एक गाडी निघते. उद्यापर्यंत थांबलो, तर तीच गाडी त्याच आळीतील वीस घरांचा माल एकत्र आणू शकते. अर्थात खेपेमागील इंधन घटले तरी खेपाच दुप्पट झाल्या, तर एकूण धूर कमी होईलच असे नाही. यास्तव प्रत्येक कंपनीने दरवर्षी तीन आकडे प्रसिद्ध करावेत, अशी मागणी आपण केली पाहिजे: ताफा एकूण किती किलोमीटर धावला, किती खेपा वाया गेल्या, आणि त्या खेपांचा खर्च कोणी सोसला. हे आकडे समोर आल्यावरच कंपनीच्या गाडीवर रंगविलेल्या हिरव्या पानाचा खरेखोटेपणा आपणांस पारखता येईल.