संगीत, व्यापार आणि नवी यंत्रविद्या

(नांदगाव येथील वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात दरवर्षी परीक्षांतील गुणांची यादी वाचली जाते आणि ती ऐकून आपणां सर्वांस आनंद होतो. त्या यादीत संगीताच्या विद्यार्थ्याचे नाव मात्र क्वचितच येते. आपल्या घरांतून गाणारी अथवा पेटी-तबला वाजविणारी मुले नाहीत असे नव्हे. भजनांत आणि गणेशोत्सवांत ती आपण पाहतोच. परंतु दहावीचे वर्ष उजाडले की पेटीवर कापड पडते. ‘गाण्याने पोट भरेल काय?’ असे आईबाप विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचा सरळ विचार करावा, एवढ्याच हेतूने आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

कलावंताने व्यवहारात पडू नये, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले, ते कोणा संस्थानिकाच्या पदरी राहून नव्हे, तर लोकाश्रयाच्या बळावर. विद्यालयास पुस्तके हवीत म्हणून त्यांनी छापखाना घातला. वाद्ये हवीत म्हणून ती तयार करण्याची सोय केली. त्या काळी मुद्रणयंत्र हीच नवी यंत्रविद्या होती, आणि गवयाने ती आपलीशी केली. पुढे मुंबईची इमारत मात्र कर्जापायी हातची गेली. उत्तरायुष्यात पंडितजी आपल्या नाशकास येऊन राहिले. त्यांच्या चरित्रातून दोन्ही धडे घ्यावेत: धाडसाचा आणि हिशेबाचाही.

दुसरे उदाहरण गोविंदराव टेंबे यांचे. १९११ साली ‘मानापमान’ नाटकाच्या पदांना त्यांनी चाली दिल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. पुढे त्यांनी शिवराज ही स्वतःची मंडळी उभारली. बोलपट आले तेव्हा ‘नाटकाचे दिवस गेले’ म्हणून ते रडत बसले नाहीत. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटास त्यांनी संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. रचनाकार, भागीदार, मालक आणि नव्या माध्यमातील नट, अशी ही एकाच माणसाची कारकीर्द होय.

आता आपल्या काळाकडे वळू. शंकर महादेवन हे चेंबूरचे. घराणे तमिळ, परंतु त्यांना शिक्षण लाभले आपल्या श्रीनिवास खळे यांच्यासारख्या गुरूंचे. त्यांनी नेरूळच्या महाविद्यालयातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली, काही काळ त्या क्षेत्रात नोकरीही केली आणि मग संगीतास वाहून घेतले. १९९८ च्या ‘ब्रेथलेस’ने त्यांचे नाव घरोघर पोचले. एहसान नूरानी व लॉय मेंडोन्सा यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटांना संगीत दिले. २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या मराठी चित्रपटात तर संगीत आणि पंडितजींची भूमिका अशी दोन्ही अंगे सांभाळली. २०१० च्या सुमारास त्यांनी इंटरनेटवरून गायन शिकविणारी संस्था सुरू केली. ज्या संगणकविद्येची नोकरी त्यांनी सोडली, तिच्याच जगातून शिष्य परदेशी घरी बसून शिकू लागले. शिकलेली विद्या वाया जात नाही, हे यावरून ध्यानी यावे.

याच्याही पुढची एक पायरी आहे आणि ती ऐकून वडील मंडळींस कदाचित नवल वाटेल. ती म्हणजे मोबाइलवरील व संगणकावरील खेळ. मुले त्यांत वेळ दवडतात, ही तक्रार खरी आहे. परंतु ते खेळ कोणीतरी रचतो, आणि त्यांना संगीतही कोणीतरी देतो. अमेरिकेतील टोबी फॉक्स हा तरुण प्रथम इंटरनेटवरील एका चित्रकथेसाठी संगीत रची. २०१३ मध्ये त्याने स्वतःच्या खेळासाठी लोकांकडे पाच हजार डॉलर मागितले. लोकांनी एक्कावन्न हजारांहून अधिक दिले. २०१५ मध्ये ‘अंडरटेल’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे कथानक, संगणकीय रचना व संगीत मुख्यतः त्या एकट्याचे. चित्रांच्या कामी मात्र त्याने साहाय्य घेतले.

खेळाच्या संगीताची रीत चित्रपटाहून वेगळी असते. चित्रपटातील प्रसंग किती वेळ चालणार हे ठरलेले असते. खेळात ते खेळणाऱ्याच्या हाती असते. म्हणून संगीताचे तुकडे आवर्तनासारखे पुन्हापुन्हा वाजतील आणि सांधा जाणवणार नाही, असे रचावे लागतात. संकट जवळ आले की त्याच चालीवर वाद्यांचा आणखी एक थर चढतो. संकट टळले की तो उतरतो. आता कीर्तन आठवा. बुवा आख्यान केव्हा आवरतील हे पेटीवाल्यास व तबलजीस आधी ठाऊक नसते. ते ठेका धरून ठेवतात, रंग चढला की लय वाढवितात आणि बुवांची खूण होताच समेवर येतात. खेळाच्या संगीतकारास हीच समज लागते; आपल्या मुलांना ती भजनाच्या बैठकीतच मिळते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढे आणला. त्याचे संगीत ग्रीस देशातील लिनोस त्झेलोस यांनी रचले. त्यांनी आपली वाद्ये व आपले स्वर आदराने अभ्यासले, हे भूषणावहच आहे. तथापि, असे काम मागणारा पुण्यात असेल, तर देणारा नांदगावातही असावा, अशी इच्छा धरणे गैर नव्हे. आपले गाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर असल्याने बाहेरगावी जाण्याची सवय आपणांस पूर्वीपासून आहे. आता घरी राहूनही काम बाहेर पाठविता येते.

मात्र आम्ही कोणास भुलवू इच्छित नाही. या मार्गात मिळकत अनिश्चित असते, आणि टोबी फॉक्ससारखे यश हजारांत एखाद्यासच लाभते. इंटरनेटवरील धडे कितीही चांगले असले, तरी गुरूसमोर बसून चुकीचा स्वर दुरुस्त करून घेण्याची सर त्यांना येत नाही. करार न वाचता सही करणे हा कलावंतांचा जुना रोग आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइटच्या कायद्यात गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क बळकट झाला. पण हक्क ठाऊक नसेल तर कायदा काय करणार? हिशेब आणि करार यांत आपल्यातील व्यापारी व वकील मंडळी वाकबगार आहेत. त्यांनी या मुलांना आठवड्यातून एक तास दिला, तरी पुष्कळ होईल.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. विद्यार्थी-साहाय्य निधीतून पुढील वर्षापासून संगीताच्या विद्यार्थ्यासही वाद्य अथवा संगणक घेण्यास मदत मिळावी. गुणगौरवात संगीत परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींची नावे इतरांच्या बरोबरीने वाचली जावीत. आणि आईबापांनी दहावीच्या वर्षी पेटी माळ्यावर टाकू नये. दिवसाचा अर्धा तास तिच्यासाठी राखावा. मुलाने पदवी जरूर घ्यावी, चरितार्थाचे साधन हाती ठेवावे, पण गळ्यातील किंवा बोटांतील विद्या मोडू देऊ नये. मोडलेला संसार पुन्हा उभा राहतो, परंतु सुटलेला रियाज पुन्हा धरणे महाकठीण असते.

या विनंत्यांचा कार्यकारी मंडळाने विचार करावा.