कॅप्टन दीप आणि आमची फिर्याद

आज पापड-लोणच्याचं नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज मला एका लेखकाबद्दल बोलायचंय. गुरुनाथ नाईक त्यांचं नाव. पन्नाशी ओलांडलेल्या तुमच्यातल्या काहीजणींनी त्यांची पुस्तकं चोरून वाचली असणार. मी तर वाचलीच.

मी आठवीत असताना दादा वाचनालयातून ती छोटी पुस्तकं आणायचा. आधी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, मग नाईकांची. पोरीच्या जातीनं असलं वाचायचं नाही, असा घरातला दंडक. मग मी पहाटे दादाच्या उशाखालून पुस्तक काढायची आणि चुलीपुढं बसून पाणी तापेपर्यंत वाचायची. एकदा तिकडं कॅप्टन दीप शत्रूच्या तावडीत सापडला आणि इकडं दूध उतू गेलं. माय म्हणाली, "कुठं ध्यान आहे गं तुझं?" आता तिला काय सांगू, की मी सरहद्दीपलीकडं आहे!

नाईक मूळचे गोव्याचे. बाराशेच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले, गोलंदाज ही त्यांचीच माणसं. आणि हे मला फार उशिरा कळलं, की ते काही काळ आपल्या लातूरच्या 'एकमत' दैनिकाचे संपादक होते. म्हणजे मी मुदखेडला नांदत होते तेव्हा माझा लेखक काही तासांच्या वाटेवर होता. 3 नोव्हेंबर 2021 ला ते गेले. त्या दिवशी दादाचा फोन आला. काही वेळ दोघंही बोललो नाही.

पण खरं ते सांगते. त्या पुस्तकांतल्या बाया एक तर देखण्या हेर असायच्या, नाही तर कुणीतरी सोडवायची वाट बघणाऱ्या. हातात भाजीची पिशवी घेतलेली बाई मला त्यात भेटली नाही. आणि फिर्याद लिहून घ्यायला कुणी ठाण्याच्या बाकावर बसल्याचंही आठवत नाही. नायक एकटा धडक मारतो आणि गुन्हेगार सापडतो. मजा त्यातच होती म्हणा.

दुसऱ्या जातीची गोष्ट मी पाहिली ती दूरदर्शनवर, 'एक शून्य शून्य'. बी. पी. सिंग यांची मालिका, त्यात शिवाजी साटम. पुढं 1998 मध्ये याच दोघांची 'सीआयडी' आली, ती तर तुमच्या नातवंडांनाही माहीत. 'एक शून्य शून्य'मध्ये पोलीस दारोदार विचारत फिरायचे, जबाब घ्यायचे, पंचनामा करायचे. स्वीडनमध्ये माय श्योवाल नावाची बाई (हो, माय हेच नाव बरं का) आणि तिचा जोडीदार पेर वालो यांनी 1965 ते 1975 या काळात अशाच पोलीस तपासाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. लेकरं झोपली की रात्री लिहायला बसायचे दोघं. हे ऐकलं आणि मला आपल्या चुलीपुढचं वाचन आठवलं.

आता आमची गोष्ट. गेल्या वर्षी गटाचा गुलाब आणि काकडा नांदेडला विकून मी रेल्वेनं परत येत होते. पिशवीत 11,300 रुपये, अकराजणींचे. उतरले तर पिशवीला खालून ब्लेडचा चिरा, आणि आत नुसता डबा.

जवळच्या एका ठाण्यात गेले. टेबलावरचे म्हणाले, "चोरी गाडीत झाली, ही हद्द आमची नाही. अर्ज देऊन जा." मी निघालेच होते. पण मालिकेतला तो पंचनामा डोक्यात बसलेला, आणि गटाच्या प्रशिक्षणात ताईंनी सांगितलेलंही आठवलं. म्हटलं, "साहेब, अर्ज नको, फिर्याद घ्या. हद्द नसली तर शून्य क्रमांकानं नोंदवा आणि पुढं पाठवा."

1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर नोंदवता येते, असं त्यात लिहिलंय. आपण सांगितलेलं लिहून झालं की वाचून दाखवायचं, मग आपली सही, आणि नक्कल फुकट. नोंदवलीच नाही तर तीच हकीकत पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवायची. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं.

तीन तास बसले मी. नाईकांच्या पुस्तकात एवढ्या वेळात दोन खून आणि एक पाठलाग झाला असता. शेवटी एका महिला पोलिसानं लिहून घ्यायला सुरुवात केली. डबा कितवा, शेजारी कोण होतं, पिशवीचा रंग कोणता, नोटा कशा बांधल्या होत्या. शेजारणीच्या हिरव्या बांगड्यासुद्धा मी सांगितल्या. ती हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही फार बघता हो." म्हटलं, "लहानपणापासूनची खोड आहे."

पैसे अजून मिळालेले नाहीत. सगळ्याजणींनी महिन्याला शंभर-शंभर जादा टाकून निम्मी तूट भरून काढली. मला एकटीला कुणी भरायला लावलं नाही, कारण नक्कल बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली होती. ती आता गटाच्या पेटीत, हजेरीवहीखाली ठेवलीय.

त्याच बैठकीत सचिवबाईंच्या लेकीनं विचारलं, "आजी, कॅप्टन दीप कोण?" दादाकडून आणलेलं एक पुस्तक होतं घरात, मागची चार पानं फाटलेली. दिलं तिला. आता रोज संध्याकाळी येते आणि शेवट काय झाला म्हणून विचारते. मला तो आठवत नाही. तुमच्यापैकी कुणाकडं ते पुस्तक पूर्ण असलं तर केंद्रावर कळवा बाई.