नागझिऱ्याची वानरे



साकोलीमार्गे आम्ही नागझिऱ्यास जाऊन आलो. १९७० पासून ते अभयारण्य आहे. वाघ न दिसल्याने पुरुषमंडळी हिरमुसली. मी मात्र तळ्याकाठी वानरे पाहत बसले. आई राखाडी, तान्हे काळेभोर. आईने ते दुसरीच्या हाती दिले, दुसरीकडून तिसरीने ओढून घेतले, आणि आई खुशाल पाला खात बसली! आफ्रिकेत जेन गुडॉलबाईंनी १९६० पासून चिंपांझी पाहिले. ती आई मात्र पहिले काही महिने पिल्लू सहसा कुणाला देत नाही.

आपल्या मंडळात तान्ह्यांच्या आया येत नाहीत. बाळ ठेवावे कुणाकडे? माझी सून त्यांतलीच. पुढच्या सभेला दोन बाळे मी सांभाळते. आणखी कोण?