परक्या अंगणांतील फेर
(ज्युबिलीनिमित्त वडपे येथील स्नेहसंमेलनांत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं परदेशांतील आमच्या वास्तव्याविषयीं आम्हीं उभयतांनीं चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. विषय मोठा व आमचा अनुभव लहान. म्हणून त्यांतील एकच गोष्ट आपल्यापुढें ठेवतों. परक्या मुलखांत शेजाऱ्यांचा सण आला, ढोलकी वाजूं लागली आणि "या, फेर धरा" असें कोणी म्हटलें, तर ख्रिस्ती माणसानें काय करावें? ज्यांचीं मुलें आज आखातांत वा विलायतेंत आहेत, त्यांच्या घरीं हा प्रश्न केव्हां ना केव्हां येतोच.

आम्ही कांहीं वर्षें मॉरिशस बेटांत राहिलों. तेथील उंसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं इ. स. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानांतून साडेचार लाखांच्यावर करारी मजूर नेण्यांत आले. पोर्ट लुई बंदरांत ते जेथें उतरत, तो आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारसा ठरला. त्या मजुरांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणांतील मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज आज बहुधा क्रिओल भाषा बोलतात. परंतु गणेशचतुर्थीस त्यांची झाकरी चुकत नाहीं. झाकरी म्हणजे आपल्या रत्नागिरीकडील जाखडी. मध्यें गाणारे व ढोलकीवाले, भोंवतीं नाचणाऱ्यांचा फेर आणि पायांत चाळ. शब्द थोडा झिजला, फेर मात्र टिकला.

आमच्या शेजारीं अशाच एका घराण्यांतील वृद्ध आजी राहत. आम्ही महाराष्ट्रांतून आलेले, म्हणून त्यांचा आमच्यावर लोभ. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं त्या निमंत्रण घेऊन आल्या. त्या रात्रीं आमच्या घरांत बराच वाद झाला. एकाचें म्हणणें, "शेजाऱ्यांचा आनंद तो आपला आनंद, जावें." दुसऱ्याचें म्हणणें, "पहिल्या आज्ञेचें काय? आणि गांवीं आईला कळलें तर ती काय म्हणेल?" दोन्ही बोलणीं खरीं होतीं, म्हणूनच झोंप येईना.

सकाळीं आम्हीं आजींस सरळ सांगितलें, "आजी, पूजेच्या वेळीं आम्ही बाजूस उभे राहूं, तेवढी मोकळीक द्या. फेर धरायला मात्र जरूर येऊं." त्यांस वाईट वाटेल, अशी आम्हांस धास्ती होती. त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "मग जेवायला तरी येणार ना?" रात्रभराची आमची चिंता त्या एका प्रश्नानें हलकी झाली.

आम्ही गेलों. पूजा चालली असतां अंगणाच्या कडेला आदरानें उभे राहिलों; कोणीं वांकडें पाहिलें नाहीं. मग फेर सुरू झाला आणि आमचीं पावलें चुकूं लागलीं. दहा वर्षांची एक पोर हसत पुढें आली व आमचा हात धरून तिनें ठेका दाखविला. मराठी बोलतां न येणाऱ्या त्या मुलीनें मराठी बोलणाऱ्या आम्हांस मराठी पाऊल शिकविलें! त्या दिवशीं आमचा विश्वास तिळभर उणा झाला नाहीं. गर्व मात्र बराच उतरला.

पुढें सप्टेंबरची आठवी तारीख आली. त्या रात्रीं बेटांतील यात्रेकरू पायीं चालत पोर्ट लुईच्या सेंत-क्रुवा येथें धन्य फादर लावाल यांच्या समाधीस जातात. फादर लावाल मूळचे नॉर्मंडीचे, जन्म १८०३ चा, धंद्यानें वैद्य. तेथील गुलामगिरी १८३५ सालीं कायद्यानें संपली. त्यानंतर १८४१ मध्यें ते बेटांत आले, त्यांनीं सुटलेल्या गुलामांची क्रिओल बोली शिकून घेतली व ९ सप्टेंबर १८६४ रोजीं मरेपर्यंत त्यांच्यांतच राहिले. २९ एप्रिल १९७९ रोजीं पोपमहाशय दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्य घोषित केलें. त्या समाधीस हिंदु व मुसलमानहि जातात. त्या वर्षीं आजी फुलें घेऊन आमच्याबरोबर आल्या. मिस्साबलिदानाच्या वेळीं त्या कडेला हात जोडून उभ्या राहिल्या, आम्ही त्यांच्या अंगणांत उभे होतों तशाच.

बंधुभगिनींनो, परमुलखांत कसें राहावें, याचा धडा आपल्या घरींहि आहे. फादर स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ सालीं त्यांचें मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघालें. पाहुणा यजमानाची बोली शिकला, म्हणून त्याचा विश्वास कांहीं पातळ झाला नाहीं.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती आमच्याच दोषाची. भिवंडी तालुक्यांतील पाड्यांवर आपले वारली बांधव राहतात. भात पिकलें कीं वारली लोकांत तारपा घुमूं लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचीं पानें व मेण यांचें तें वाद्य. वाजविणारा मध्यें फिरतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून सारा फेर त्याच्यामागून फिरतो. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांनीं ही कला परदेशीं नेली. सरकारनें त्यांस २०११ सालीं पद्मश्री दिली. आणि आम्ही? लहानपणीं तारप्याचा आवाज आला कीं 'तें आपलें नव्हे' म्हणून घराकडे वळत होतों. साता समुद्रांपलीकडे झाकरीचा फेर धरला, पण हांकेच्या अंतरावरचा फेर कधीं धरला नाहीं.

दावीद राजा कराराच्या कोशापुढें नाचला, तेव्हां मीखल खिडकींतून पाहत राहिली व तिनें मनांत त्याला तुच्छ मानिलें. परदेशांत दाविदासारखें नाचावें आणि घरीं येऊन मीखलेसारखें खिडकींत उभें राहावें, हें आपणांस शोभेल काय?

म्हणून एकच विनंती. या ज्युबिलीच्या जेवणास पाड्यांवरील शेजाऱ्यांना आपण स्वतः जाऊन बोलवावें आणि त्यांनीं तारपा वाजविला तर बाजूस उभें न राहतां त्यांच्या कमरेला हात घालावा. पावलें चुकतील. त्यांचीं मुलें शिकवितील.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.